सिस्टरच्या वाफ्यातले ढेमसे

अकोल्यात जठारपेठेच्या मागच्या अंगाला गावंड्यांचं घर आहे. घरामागे जेमतेम चार खाटा मावतील एवढी जागा. लग्न होऊन आल्यापासून जमुनाबाईंनी ती कधी रिकामी राहू दिली नाही. त्यांचं माहेर पातूरकडचं, शेतीवाडीचं. पावसाळ्यात दोडक्याचा वेल न्हाणीच्या छपरावर चढायचा, दिवाळीनंतर मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, आणि उन्हाळ्यात निदान बरबटीच्या, चवळीसारख्या लांब शेंगा. नवरा खुशालराव एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. ताटात पडेल ते ते मुकाट्याने खायचे. भाजी घरची की बाजारची, हे त्यांनी कधी विचारलं नाही. बाईंनाही त्याचं काही वाटत नसे. पुरुष असेच, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

खुशालराव रिटायर झाले त्याच वर्षी शेजारचं घर ललिता खंडारे यांनी घेतलं. त्या अमरावतीच्या एका दवाखान्यात नर्स होत्या. यजमान वारलेले, मुलगी पौर्णिमा अमरावतीतच नांदत होती. गल्लीने त्यांचं नाव सिस्टर पाडलं. सिस्टरने आल्या आल्या मागची फरशी उखडली, गाळाची माती आणून टाकली आणि पाऊस लागताच काकडी लावली.

एक दिवस खुशालराव जेवताना म्हणाले, "सिस्टरच्या काकड्या पाहिल्या काय वं? काय लगडल्या हायेत! पानापेक्षा काकड्या जास्त."

जमुनाबाईंचा हात भाकरीवरच थांबला. "माह्या वेलाले काय इतके वर्ष दगडं लागत होते?"

"तसं नाई वं. मी आपलं सांगून राहिलो."

त्यानंतर हे रोजचंच झालं. सकाळचा चहा झाला की खुशालराव कंपाउंडच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहायचे. पलीकडून सिस्टर सांगायच्या, शेणखत किती, कडुलिंबाचं पाणी कधी मारायचं. हे मान हलवत ऐकायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जमुनाबाईंना त्यांची पाठ दिसायची. सिस्टरबद्दल त्यांच्या मनात वेडंवाकडं काही आलं नाही. पण आपल्या वाफ्याकडे या माणसाने एकदा तरी मान वळवली होती का, हे आठवत त्या भांडी जरा जोरातच आपटायच्या.

हिवाळ्यात सिस्टरने भरताची वांगी दिली. खुशालरावांच्या हाती. जमुनाबाईंनी ती भाजली आणि मुद्दाम तिखट दुप्पट घातलं. खुशालरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

नाक पुसत ते म्हणाले, "पण वांगं लय गोड हाय हो सिस्टरचं."

जमुनाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

उन्हाळा लागला. सिस्टरच्या ढेमशाच्या वेलांनी नुकतं फळ धरलं होतं, तोच पौर्णिमाच्या बाळंतपणासाठी त्यांना अमरावतीला जावं लागलं. जाताना फाटकाची चावी त्यांनी भिंतीवरून खुशालरावांना दिली. "भाऊ, तेवढं पाणी टाकसान."

"तुमी बेफिकीर जा," भाऊ म्हणाले.

पहिले काही दिवस त्यांनी पाइप धरला. पुढे ऊन असं तापलं, की ते कूलरसमोरून हलेनात. आज टाकतो, उद्या टाकतो. जमुनाबाईंनी भिंतीवरून पाहिलं, तर ढेमशांची पानं दुपारी लोंबायला लागली होती. त्यांना आतून गार वाटलं. दुसऱ्या दिवशी पानं आणखी मलूल दिसली. बाई पुन्हा पाहून आल्या, पुन्हा बरं वाटलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा कोवळी फळं देठाशी सुकत होती. ते मात्र त्यांना बघवेना. सिस्टर गेली खड्ड्यात, पण धरलेलं फळ डोळ्यांदेखत वाळू द्यायचं, हे त्यांच्या हाताला माहीत नव्हतं.

खुशालराव घोरत असताना त्यांनी खुंटीवरची चावी घेतली. बुडाशी पाचोळा अंथरला, काठ्या रोवून वर आपली जुनी साडी बांधली, ऊन उतरल्यावर पाणी दिलं. मातीत बोटं घातली, तर ती भुसभुशीत. सिस्टरची माती आपल्याहून सरस, हे त्यांना सलत राहिलं. पण आता त्या रोज जाऊ लागल्या. वेल तरारले. तयार झालेले ढेमसे त्यांनी तोडून आणले आणि चण्याची डाळ घालून केले.

खुशालरावांनी विचारलं, "कुठचे हायेत?"

"बाजारातले."

"तरीच. सिस्टरच्या ढेमशाची याले सर नाई."

जमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला. खूप दिवसांनी त्या पोटभर जेवल्या.

नातू झाल्याचे पेढे घेऊन सिस्टर परतल्या. बाग पाहून थेट गावंड्यांच्या ओसरीवर आल्या. "भाऊ, कमाल केली तुमी! अशा उन्हात माह्याच्यानंही जमलं नसतं."

खुशालराव गालात हसले. नुसतेच हसले.

जमुनाबाई दारात होत्या. "त्याईनं? त्याईले पाइप कोन्या टोकानं धरतेत ते मालूम नाई! मी गेली रोज. अन् परवा बाजारचे म्हणून नावं ठेवले ना, ते ढेमसे सिस्टरचेच होते!"

खुशालरावांनी पेढा हातातच धरून ठेवला.

"अवो वहिनी, म्हणजे ते साडी तुमीच बांधली?" सिस्टर म्हणाल्या. "मले वाटलं, भाऊनं तुमच्या चोरून आणून बांधली."

सिस्टर खो खो हसल्या. जमुनाबाईंना हसू आलं नाही.

संध्याकाळी खुशालराव मागच्या दारी आले. बराच वेळ वाफ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे काय लावलं वं?"

"बरबटी."

"अस्सं." बादलीला हात घालत त्यांनी विचारलं, "पाणी टाकू काय?"

"सकायी टाकलं."

तेव्हापासून ते रोज काहीतरी विचारतात, आणि बाई तुटक उत्तरं देतात. भिंतीपाशीही ते जातातच. सिस्टर मात्र आता भाजी वहिनींच्या हाती देतात. मृगाच्या तोंडावर त्यांनी कारल्याचं बी मागितलं. जमुनाबाईंनी दिलं, चांगलं, न किडलेलं. फक्त सगळ्यात लांब कारल्याचं बी तेवढं त्यांनी आपल्यासाठी वेगळ्या पुडीत बांधून ठेवलं.