झाकण हुंगणारा माणूस

आमचे हे बावीस वर्षं दूध संकलन केंद्रावर झाकणं हुंगतात. ऐकून लोक हसतात. हसोत बापडे. कॅन उघडला की हे झाकण नाकाशी नेतात. वास बरा असला तर दूध टाकीत, आंबूस असला तर कॅन परत. एक आंबलेला कॅन आत गेला की सगळी टाकी वाया.

गेल्या वर्षी एका सकाळी शेगडीवर दूध करपलं, घरभर धूर झाला आणि हे तिथेच बसून पेपर वाचत होते. तेव्हा मला कळलं. सायनस जुनाच, पण दोन वर्षं ह्यांना कसलाच वास येत नव्हता, आणि बायकोला त्याचा पत्ता नाही!

"मग कॅन कसे पास करता?"

"आणणाऱ्याचं तोंड बघतो. दूध खराब असलं की माणूस नजरेला नजर देत नाही."

मी कपाळावर हात मारला.

गोळ्या, फवारे, मिठाच्या पाण्याने नाक धुणं, सगळं करून झालं. डॉक्टरीणबाईंनी स्कॅन बघून सांगितलं, नाकातूनच दुर्बीण घालून ऑपरेशन करता येतं, बाहेर कुठे चीर नाही. किंवा बारीक नळीवरून फुगा आत न्यायचा, फुगवून अरुंद वाट रुंद करायची आणि फुगा काढून घ्यायचा. ह्यांच्या नाकात मांसाचे कोंब वाढलेले नव्हते, म्हणून तेही चालणार होतं. वास परत येईलच अशी हमी मात्र त्या देईनात.

झालं. दीर म्हणाले, ऑपरेशनच करा, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. नणंद म्हणाली, कशाला हात लावू नका. हे रोज जेवताना विचारायचे, "फुगा आत फुटला तर?" ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे खरं, पण ह्यांच्या मनालाच काही उमजत नव्हतं. मलाही नाही, आणि त्याचाच मला राग यायचा.

शेवटी ह्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तुमच्या वडिलांना काय सांगितलं असतं?"

"फुगा," त्या ह्यांच्याकडे सरळ बघत म्हणाल्या.

जिन्यात हे मला हळूच म्हणाले, "पास."

फुगा घालून त्याच दिवशी घरी आलो. दोन महिन्यांनी ह्यांना साबणाचा वास आला, तेव्हा हे न्हाणीघरात रडले आणि मी दाराबाहेर.

काल मात्र तोंड पाडून घरी आले. वीस वर्षं दूध घालणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशीचं झाकण आंबूस लागलं होतं.

"आणि ती माझ्याकडे सरळ बघत होती गं," हे म्हणाले. "मी झाकण तिच्या नाकाशी धरलं. तिनं चांगला लांब श्वास घेतला आणि मलाच विचारलं, काय झालंय त्याला?"

"कॅन परत दिलात?"

"दिला. पण का दिला, ते तिला कळलंच नाही. आता उद्या ती येईल. काय सांगू तिला?"

मी फडताळातून डॉक्टरीणबाईंच्या पत्त्याचं कार्ड काढलं आणि ह्यांच्या डब्याच्या पिशवीत ठेवलं.