आठवं प्रकरण

आईला साखरेचा आजार निघाला तेव्हा आम्ही भवानीनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. साहजिकच चेष्टा झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हितं राहून दुसरं काय हुणार?" आई हसली. मला हसू आलं नाही. आईच्या आईची नजर याच आजारानं गेली होती आणि शेवटची वर्षं तिनं भिंती चाचपत काढली होती. आईला धास्ती होती ती तेवढ्या एकाच गोष्टीची. ती बोलून दाखवत नसे, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

बारामतीच्या डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर एक माहितीपुस्तिका दिली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती लगेच ताब्यात घेतली. ते वजनकाट्यावर कामाला होते आणि कुठलीही गोष्ट मधूनच सुरू करणं त्यांना पटायचं नाही. मी तेव्हा रोज एसटीनं बारामतीला कॉलेजात जायचे, त्यामुळे मला अक्कल जास्त होती. मी म्हटलं, "आबा, असली पुस्तकं पहिल्यापासून वाचायची नसतात. अनुक्रमणिका बघायची आणि हवं ते पान काढायचं."

"लिवणारा येडा हाय व्हय, वळीनं लिवायला?" ते म्हणाले.

मग रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून वाचन सुरू झालं. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिला चांगलं वाचता यायचं, पण ती भाजी निवडत ऐकत बसायची. पहिल्या दिवशी मुद्रकाचा पत्ता, सर्व हक्क सुरक्षित, प्रस्तावना आणि आभार. आभारातली एकूण एक नावं. पुढं तळटीप आली की आबा वाक्य अर्धवट टाकून खाली उतरायचे, टीप वाचायचे, आणि वर येईपर्यंत वाक्य हरवलेलं असायचं. मग ते पुन्हा पहिल्यापासून. आकृती आली की पुस्तक फिरवून आईपुढं धरायचे आणि चित्राखालची ओळ दोनदा सांगायचे. माझा जीव मेटाकुटीला यायचा. जेवणात काय चालतं हे प्रकरण येईपर्यंत आईनं गूळ-साखर आपणहून बंद केलेली होती.

सातवं प्रकरण पायांच्या निगेचं होतं. ते संपल्यावर दुसऱ्या दिवशी आबांनी पुस्तक उघडलं आणि खाकरून वाचलं, "प्रवासात घ्यायची काळजी."

आई मेथी निवडत होती. "हे कितवं?"

"आठवं."

"नववं हाय ते. आठवं डोळ्यांचं हाय."

आबा उगाच पानं चाळत राहिले. "त्यात काय इशेष न्हाय," ते म्हणाले. मुद्रकाचा पत्ताही न सोडणाऱ्या माणसानं अख्खं प्रकरण सोडलं होतं. त्यांना खोटं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची फार कीव आली.

"आवो, मी पयल्याच दिशी वाचलंय ते," आई म्हणाली. "तुमी ड्युटीवर गेला तवा. पुस्तकाच्या सुरवातीलाच पान नंबर दिल्यात की."

"मग इतकं दिवस ऐकत कशाला बसलीस?"

"तुमी वाचत हुता म्हणून. मला वाटलं, आठव्याला आला की आपणहून म्हणाल, चल बारामतीला."

आबांना काही कळलं नाही. आईनं पदराला हात पुसले, त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं आणि आठव्या प्रकरणाचं शेवटचं पान काढून त्यांच्यापुढं धरलं. तिथं जाड रेघांची एक चौकट होती. दरवर्षी डोळे तपासून घ्यावेत, वेळेवर उपचार झाले तर नजर वाचू शकते, असं तिच्यात लिहिलं होतं.

"उद्या रजा टाका," आई म्हणाली.

आबा ओठ हलवत चौकट वाचत राहिले. ते प्रकरण त्यांनी दुपारी एकट्यानं वाचायला घेतलं होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पहिल्याच पानावर 'अंधत्व' असं ठळक अक्षरात दिसलं आणि त्यांनी पुस्तक मिटलं. पुढचं पान त्यांनी उलटलंच नव्हतं.