मामंजींनी केबल कापली ती संध्याकाळ

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, टीव्हीला एवढी लांब वायर कशाला लागायची?" तेव्हा मी घाईत काहीतरी सांगितलं. आता नीट लिहिते.

ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं. आमचं घर रत्नागिरीत, भाट्याच्या खाडीच्या वरच्या अंगाला. घरामागे कातळाचा सडा चढत जायचा. मुंबईचं दूरदर्शन आमच्याकडे रीतसर पोचत नसे. पण फाल्गुनात वारा पडला, समुद्र तेलासारखा गुळगुळीत झाला, की मुंबईच्या लहरी पाण्यावरून घसरत आमच्यापर्यंत यायच्या. पडद्यावर नुसत्या मुंग्या वळवळत असायच्या आणि त्यातून एखादी बातम्या देणारी बाई सावकाश वर यायची, ओहोटीला खडकाची कड दिसू लागते तशी. बघता बघता विरूनही जायची. एकदा तर समुद्रापलीकडच्या कुठल्याशा केंद्रावरचा, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला गृहस्थ अरबीत काही वाचताना दिसला. माझे सासरे मामंजी, म्हणजे तुमचे पणजोबा, खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा जन्म बोटीवर गेलेला, इराकात बसऱ्याला कितीदा जाऊन आलेले. "खजुराचा भाव सांगतोय," ते म्हणाले. खरं होतं की थट्टा, मला कधीच कळलं नाही.

त्या फाल्गुनात माझ्या नणंदेचं अंतर्देशीय पत्र आलं. लग्न होऊन ती मुंबईत होती. येत्या बुधवारी संध्याकाळी साडेसातला मुंबई केंद्रावर आपलं गाणं आहे, असं तिनं लिहिलं होतं. मी पत्र मोठ्यानं वाचलं आणि मामंजींनी ते पुन्हा वाचायला लावलं. ती रांगली, शाळेत गेली, गॅदरिंगला गायली, तेव्हा ते कुठल्या ना कुठल्या बंदरात होते. आपल्या मुलीचं एक अख्खं गाणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आणि हा कार्यक्रम एकदाच लागणार होता.

"अँटेना सड्यावर न्यायचा," थोड्या वेळानं ते मला म्हणाले. "आणि वायर नवी घ्यायची. कसली घ्यायची ते तू बघ."

मी इंग्रजीतून फिजिक्स शिकलेली, म्हणून घरातलं विजेचं आणि रेडिओचं खातं माझ्याकडे असे. आमची जुनी वायर म्हणजे दोन तारांची चपटी फीत. खाऱ्या हवेत तिच्यावर मीठ साचायचं, आणि आलेला थोडाथोडका सिग्नल वाटेतच सांडायचा. गोल केबलचं तसं नसतं. तिच्या मधोमध तांब्याची एक तार, तिच्याभोवती पांढरं प्लास्टिक, त्यावर बारीक तारांची विणलेली जाळी आणि वरून काळं आवरण. सिग्नल ती तार आणि जाळी यांच्यामधून चालतो. जाळी बाहेरची खरखर आत येऊ देत नाही. शिवाय केबल पंचाहत्तर ओहमचीच घ्यायची, कारण आमच्या टीव्हीची जोडणी त्याच मापाची होती. माप चुकलं, तर रुंद खाडीतली लाट अरुंद तोंडाशी येऊन थोडी मागे फिरते तसा सिग्नल मागे फिरतो, आणि पडद्यावर प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचं भूत उभं राहतं.

दुकानात दोन केबली होत्या. दोन्हींवर पंचाहत्तर छापलेलं. "दोन्ही सारख्याच हो, ताई," दुकानदार म्हणाला. मामंजींनी दोन्हींची टोकं सोलायला लावली, चष्मा कपाळावर ढकलला आणि जाळी नखानं विस्कटून पाहिली.

"ह्या जाळ्यातनं कोळंबी पळंल," एक केबल बाजूला सारत ते म्हणाले. "ही बघ. हिच्यातनं पाणीसुद्धा नाय जायचं."

माझ्या जाड इंग्रजी पुस्तकानं याच गोष्टीला दोन पानं घेतली होती. दाट जाळीची, जाड तारेची केबल आम्ही घेतली. पण त्यांनी शंभर मीटरचं अख्खं बंडल उचललं.

"मामंजी, साठ मीटर पुरेल. मी मोजलंय."

"दोर कोण मोजून घेतो काय गो?"

सोमवारी सड्यावर लोखंडी नळीच्या टोकाला अँटेना उभा राहिला. केबलच्या वरच्या जोडाला मामंजींनी होडीच्या फटी बुजवतात तशी राळ लावली. उरलेली चाळीस मीटर केबल त्यांनी बोटीवरच्या दोरासारखी गोल गुंडाळून टीव्हीमागे ठेवली. फार देखणं वेटोळं होतं ते. त्या संध्याकाळी पडद्यावर फक्त मुंग्या आल्या. मंगळवारी मुंग्यांमध्ये कुणाचा तरी खांदा दिसला आणि गेला.

मी भीतभीतच म्हटलं, "केबल जितकी लांब तितका सिग्नल तिच्यातच जिरतो. हे वेटोळं कापायला हवं."

"कापायचं? दोर? कुणी सांगितलं तुला?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तक कधी बोटीवर चढलं होतं? वादळात चार वाव कमी पडला, तर काय पुस्तकातनं काढायचा?"

वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर. त्यांचं सगळं जग त्या मापानं मोजलेलं. अँटेना उद्या आणखी वर न्यावा लागला तर, हेही त्यांच्या मनात होतं. सासूबाई दारात वाल सोलत बसल्या होत्या.

"ठेवा हो ठेवा, उशाशी घेऊन निजा," त्या म्हणाल्या. "पोर गाईल तिकडे, आपण वेटोळं ऐकू."

बुधवारी समुद्र असा निपचित होता की खाडीतल्या होड्या हवेत टांगल्यासारख्या वाटत होत्या. सात वाजले. पडद्यावर मुंग्याच होत्या. मामंजी उठून माझ्याजवळ आले.

"कापली तर येईल ती?"

"सांगता येत नाही, मामंजी. पण आत्तापेक्षा बरं येईल."

त्यांनी हात पुढे केला. मी सुरी दिली. त्यांनी वेटोळं उलगडलं, खिडकीपासून टीव्हीपर्यंत केबल धरून पाहिली, वर एक वाव जास्तीचा ठेवला आणि एका झटक्यात कापली. कापल्यावर तुकडा कुठं ठेवावा ते त्यांना सुचेना; हातातच धरून उभे राहिले.

मी टोक सोललं. जाळीचा एक केससुद्धा मधल्या तारेला लागू द्यायचा नसतो, म्हणून एकेक केस मागे वळवला. पिन बसवली तेव्हा साडेसात वाजून गेले होते.

मुंग्या विरळ झाल्या. करडं धुकं उरलं, आणि त्या धुक्यात तंबोऱ्याशेजारी बसलेली एक बाई. चेहरा येत होता, वितळत होता, पुन्हा जमत होता. आवाज मात्र स्वच्छ होता. जणू ती मागच्या पडवीत बसून गात होती.

"हे लहानपणी म्हणायची काय ती?" मामंजींनी विचारलं.

"रोज," सासूबाई म्हणाल्या. "विहिरीवर पाणी ओढताना."

मधल्या एका कडव्यात सगळं खरखरीत बुडालं, नंतर शेवटची ओळ तेवढी वर आली, आणि निवेदिका दिसू लागली.

"आत्ताच पत्र लिही तिला," मामंजी म्हणाले. "लिही, बाबांनी गाणं ऐकलं. सगळं ऐकलं."

मधलं बुडालेलं कडवं मला आठवलं. तरी मी त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं.