पत्र्याचा लाल ठिपका

आमचं घर दगडखाणीच्या कड्यावर आहे. सध्या त्यात कोणी राहत नाही. मी त्या खाणीत सुरुंग भरायचो, पुढे मुकादम झालो. शाळा चौथीपर्यंत. मालकानं वरची जागा दिली, तिथे हिनं आणि मी दोन खोल्या उभ्या केल्या, वर पत्रा घातला. सगळा संसार तिथेच झाला. हिचं दुखणं वाढलं तेव्हा मुलगा आम्हाला कोलकात्याला घेऊन आला, न्यू टाउनमधल्या त्याच्या फ्लॅटवर. उपचार संपले की परत जायचं, असं ठरलं होतं.

इथली जमीन सपाट आणि मऊ. कुत्रं हाकलायला दगड शोधावा तर मिळत नाही. ही गॅलरीत उभी राहून म्हणायची, अहो, इथे डोळा अडकायला काही नाही. भाषा तिला शेवटपर्यंत आली नाही. भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करायची, तो बंगालीत उत्तर द्यायचा, आणि दोघंही आपणच जिंकलो असं समजून निघायचे.

सूनबाई सेक्टर फाइव्हमधल्या कंपनीत आहे. तिथे खाणींचे कडे आकाशातून तपासतात. उपग्रह वरून रडारच्या लहरी सोडतो, त्या जमिनीवर आपटून परत जातात. काही दिवसांनी तो पुन्हा तिथूनच जातो. दोन्ही वेळचं ताडून बघितलं की कडा जरासा सरकला असला तरी कळतो. आभाळ भरलेलं असलं तरी चालतं. झाडीत नीट कळत नाही, पण उघडा दगड, पत्रा असलं की लहर लख्ख परत येते. मी म्हटलं, यात नवीन काय? आम्ही भेगेवर काचेची पट्टी चिकटवायचो. काच तडकली की माणसं वर काढायची. ती म्हणाली, तेच आहे बाबा, फक्त काच वर टांगलीय.

एका रविवारी तिनं हौसेनं लॅपटॉपवर आमची खाण काढून दाखवली. कड्यावर एक ठळक ठिपका होता. तो आपला पत्रा, असं तिनं सांगितल्यावर ही हसली. म्हणाली, आधी सांगायचं नाही का, पापड तरी नीट ओळीत वाळत घातले असते.

ठिपका लाल होता. लाल म्हणजे काय, ते मी विचारलं तेव्हा सूनबाईनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मग तिनं मागची चित्रं काढली. दगडावरचा मुरूम दर पावसाळ्यात थोडा थोडा खाणीकडे सरकत होता, आणि आमचं घर त्याच्यावरच. तिनं खाणवाल्यांना कळवलं, त्यांनी त्या बाजूचं काम बंद केलं.

थोड्याच दिवसांत डॉक्टरांनी सांगितलं, आता औषधाचा उपयोग नाही. तेव्हापासून हिनं एकच धरलं, मला घरी न्या. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही ठरवा. मी सूनबाईला विचारलं, कडा पडणार कधी? ती म्हणाली, सरकतोय एवढं कळतं, कधी पडेल ते सांगता येत नाही. मी दरडीखालून माणूस काढलेला आहे. हातांनी काढलाय. मी नाही म्हटलं.

"इथे मेले काय नि तिथे मेले काय," ही म्हणाली. "तिथे मरू द्या."

"मला तुला उकरून काढायचं नाही," मी म्हणालो.

मग तिनं विषय काढला नाही. इथेच गेली, या फ्लॅटमध्ये, भिंतीकडे तोंड करून.

त्यानंतर पाऊस लागला की मी सूनबाईला विचारायचो, पडला का? ती म्हणायची, नाही. खाली माणूस नव्हता, वर घर रिकामं होतं. तो पडावा असं मला वाटायचं. पडला असता तर हिच्या फोटोपुढे उभं राहून सांगता आलं असतं, बघ. लिहायला बरं वाटत नाही, पण वाटायचं ते असं.

गेल्या महिन्यात सूनबाई ऑफिसातून आली ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून माझ्यासमोर बसली. खाणवाल्यांनी कड्याला पायऱ्या कापल्या, मोकळा मुरूम उतरवला, पाण्याला चर काढून दिले. अख्खा पावसाळा गेला, ठिपका हलला नाही. आता हिरवा आहे.

"म्हणजे तेव्हा नेली असती तरी चाललं असतं," मी म्हणालो.

"बाबा, तेव्हा ते कोणालाच सांगता आलं नसतं."

"ते नको सांगू. ती होती तोवर पडला का?"

तिनं पर्स खांद्यावरून काढून ठेवली. "नाही पडला," म्हणाली.

मग तिनं विचारलं, एकदा इंजिनिअरनं बघितलं की राहता येईल, जाऊन राहायचंय का? मी म्हटलं, तिला नेलं नाही, आता मी जाऊन काय भिंतींशी बोलू? सूनबाई उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला होता, तरी तिचं रडणं ऐकू येत होतं. तिचं काही चुकलं नव्हतं. तसं सांगायचं म्हणून मी दारापर्यंत गेलो. तोंडातून निघेना. भाकरी टाक, भूक लागलीय, एवढंच म्हणालो, आणि तिथेच उभा राहिलो.