माझा प्रयोग

शाळेच्या लॅबमधलं शेवटचं कपाट रिकामं करताना मॅग्नेशियमच्या पट्ट्यांचा डबा हाती लागला, आणि लीड्समधली माझ्या लहानपणीची एक संध्याकाळ आठवली. मी तेरा वर्षांची होते. "बाबा, आज शाळेत माझा प्रयोग आहे," एवढंच मी सांगितलं होतं. बाबांना वाटलं, नाटक! हॉस्पिटलची शिफ्ट संपवून ते लग्नातला सूट घालून आले आणि लॅबच्या उंच स्टुलावर अवघडून बसले. मी पट्टी पेटवली. डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडला, आणि बाबा उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बाकीचे पालक गप्प. इंग्रज माणूस नाटकातसुद्धा पडदा पडेपर्यंत थांबतो.

"बाबा, बसा ना! हे नाटक नाहीये," मी लाजेनं चिडून म्हणाले.

"अगं, पण खरंच पेटलं की!"

आज मी सायन्सची हेड आहे. धूर नको, रिस्क नको, म्हणून टॅब्लेटवरचे प्रयोग मीच निवडले. तिथे मॅग्नेशियम दर वेळी न चुकता पेटतं. मुलं जांभई देत बघतात आणि उत्तरावर बोट टेकवतात.

बाबा, तुम्हाला वाटलं होतं तेच मी खरं करून दाखवलं. आता हे नाटकच आहे. टाळ्या मात्र कुणी वाजवत नाही.