चव्हाण कुठले?

“सिस्टर, डॉक्टर आपल्यातला हाय का?” वसंतरावांनी सही न करताच पेन खाली ठेवला.

दिग्रसच्या एका लहान हॉस्पिटलात मी नर्स आहे. वसंतरावांचा हर्निया अडकला होता. म्हणजे पोटाच्या भिंतीतून आतडं बाहेर आलं आणि परत आत जाईना. त्याचा रक्तपुरवठा थांबला की ते सडतं. ऑपरेशन लगेच हवं. त्याआधी कन्सेंट, म्हणजे संमतीपत्र. त्यात एक वाक्य असतं: जिवाला धोका होऊ शकतो. ते मी मोठ्यानं वाचलं होतं.

तोवर हा माणूस वॉर्डातल्या सगळ्यांचा काका होता. शेजारच्या खाटेवरचे बौद्ध गुरुजी तर त्यांचे जिगरी दोस्त झाले होते. वाक्य ऐकलं आणि काकांनी गुरुजींकडे पाठ केली. मग आडनावं विचारू लागले. माझंही विचारलं. सकाळी मी नाकातून नळी घातली, तेव्हा आडनाव लागलं नव्हतं.

“डॉक्टर चव्हाण,” मी म्हटलं.

चेहरा खुलला. “मंग आपलेच! कुठले?”

“पुसदकडचे.”

झटक्यात सही झाली.

आमच्याकडे चव्हाण मराठ्यांत असतात, तसे बंजाऱ्यांतही. मी कागद उचलला. आतड्याला वेळ नव्हता.

स्पायनल दिलं. कमरेत सुई, खालचं अंग बधिर, माणूस जागा. ऑपरेशन अर्ध्यावर आलं आणि डॉक्टरांच्या आईचा तिसऱ्यांदा फोन. मी तो त्यांच्या कानाशी धरला. “याडी,” ते म्हणाले. याडी म्हणजे आई. पुढचं सगळं गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत.

“सिस्टर,” पडद्याआडून आवाज आला, “हे तं तांड्यावरची बोली हाय!”

काकांनी उठायची धडपड केली. पाय हलेनात. मॉनिटरवर नाडी एकशे तीस.

“आता मी काय करू?”

“तुमचं आतडं त्यांच्या हातात हाय, काका. काहीच करू नका.”

नाडी हळूहळू शंभरावर आली. मग हळूच, “डॉक्टरसाहेब, आईले आमचा नमस्कार सांगा.”

आतडं वाचलं. जेवायची परवानगी मिळाल्यावर काकांनी पहिली भाकर गुरुजींच्या डब्यातलीच मागितली.

महिन्यानं ते मेहुण्याला घेऊन आले. त्यालाही हर्निया. त्यानं घाबरून विचारलं, “भाऊजी, हे चव्हाण आपल्यातले का?”

“आपलेच,” काका म्हणाले. “तू पोट दाखव.”

आता जिवाच्या धोक्याचं ते वाक्य वाचताना मी पेशंटची नाडी धरून बसते. साधारण एकशे दहाच्या पुढे गेली की माणूस आडनावं विचारू लागतो.