डाग नको, डमी पुरे

घाटकोपरच्या आमच्या चाळीत रंगीत टीव्ही आला, तरी पाणी सकाळी तासभरच यायचं. आमच्या नळाचा एक फाटा भिंतीतून शेजारच्या काकूंच्या मोरीत गेलेला. काकू मालवणच्या. धाकटीच्या वेळी आई इस्पितळात होती, तेव्हा मला जेवू घातलं, माझ्या वेण्या घातल्या त्या काकूंनीच. पुढे त्यांनी स्वतःचा नळ घेतला आणि तो जुना फाटा बंद करायला प्लंबर आला.

"चांगला डाग द्या हो," आई म्हणाली. फुटक्या पातेल्याला कथलाचा देतात तसा.

"डाग कशाला वहिनी? लोखंडी पाइप आहे, आटे आहेत. डमी पुरे." त्याने काकूंच्या मोरीत बसून आट्यांवर सुतळी गुंडाळली, सफेदा फासला आणि वरून लोखंडी बूच पान्याने आवळलं. तीच डमी.

आईच्या डोक्यात किडा वळवळला. डमी म्हणजे खोटा, दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसतो तो! "उद्या पाना फिरवला की झालं. कोण बघतंय?" वर प्लंबरला म्हणाली, "आमचाही नळ खोला आणि सुतळी घाला. भरपूर! थेंबही गळायला नको." तो नको नको म्हणत होता, पण आईपुढे कोणाचं चाललंय?

काही दिवसांतच आमच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. हंडा भरेना. झालं! तिकडे बादली वाजली की आई भिंतीला कान लावायची. "ऐकलंस? चोरतेय बघ!" मलाही ऐकू यायचं हो, अगदी शपथेवर. काकूंनी बांगड्याचं तिखलं पाठवलं, तर आईने वाटी तशीच परत केली. शेवटी गॅलरीत सगळ्यांसमोर म्हणाली, "काही जणींच्या डमीला हात-पाय फुटलेत!"

दुसऱ्या दिवशी काकू प्लंबरला घेऊन आल्या आणि आईला हाताला धरून आपल्या मोरीत नेलं. डमीवरचा सफेदा वाळून खडखडीत झालेला, कुठे साधी चीर नाही.

"पुसून परत फासला असेल," आई पुटपुटली.

प्लंबरने मग आमचा नळ खोलला. आट्यांवरून आत सरकलेल्या सुतळीचा हा एवढा बोळा निघाला. आईनेच हट्टाने घालायला लावलेली सुतळी! गॅलरीभर हशा पिकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकू हसल्या नाहीत. आईकडे बघत म्हणाल्या, "तो डाग पायपाक नको झालो. मगे माका कित्याक लावलंस गो?"

त्या सकाळी हंडा काठोकाठ भरला. तिखल्याची वाटी मात्र पुन्हा कधी आली नाही.